ट्रेलरवर ठेवलेल्या फायबर बोटीच्या तळाला पुन्हा रंग देताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अलिबागजवळ घराच्या आवारात ट्रेलरवर उभी असलेली, 5.8 मीटर लांबीची, सुमारे 18 वर्षांची फायबर बोट आपण गेल्या वर्षी वापरलेली विकत घेतली. तिला 90 अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन आहे. शनिवार-रविवारी ती पाण्यात उतरते, मोसमात दोन-तीन वेळा खाडीत सलग चार-पाच दिवस नांगरून राहते आणि उरलेला सारा काळ ट्रेलरवरच असतो. तळाचा जुना निळा रंग पापुद्रे धरून सुटू लागला आहे. ओळखीच्या रंगाऱ्याने वरवर घासून सिंथेटिक इनॅमलचे दोन हात मारू असे सुचवले आहे. रंग नेमका कोणता द्यावा, आणि जिथे बोट ट्रेलरच्या आधारपट्ट्यांवर टेकलेली असते तिथे तो द्यायचा कसा, असे आपण विचारले आहे. दिवाळीपर्यंत बोट पाण्यात हवी, असेही आपण लिहिले आहे. गेली वीसहून अधिक वर्षे मी फायबर बोटींच्या दुरुस्तीचे आणि रंगाचे काम करतो. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

प्रथम इनॅमलविषयी. घराच्या दारे-खिडक्यांना आणि लोखंडी ग्रीलला लावतात ते सिंथेटिक इनॅमल सतत पाण्याखाली राहण्यासाठी बनवलेले नसते. त्यातील अल्किड राळ अल्कधर्मी पाण्यात हळूहळू तुटते आणि समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मीच असते. दोन दिवस खाडीत राहिल्यावर असा रंग फुगतो, मऊ पडतो आणि ट्रेलरवर चढवताना आधारपट्टीचे कार्पेट तो ओढून काढते. शिवाय सुटत्या रंगावर कोणताही रंग दिला तरी तो खालच्या थरासकट सुटणार, कारण वरच्या थराची पकड खालच्या थराच्या पकडीहून जास्त असू शकत नाही. त्यामुळे हा बेत सोडून द्यावा अशी माझी स्पष्ट सूचना आहे.

आता मूळ निर्णय. ट्रेलरवरच्या बोटीचा रंग ठरवताना एकच प्रश्न आधी विचारावा: बोट एका वेळी सलग किती दिवस पाण्यात राहते? वर्षात एकूण किती दिवस, याला फारसे महत्त्व नाही. आपल्या तळावरचा निळा रंग बहुधा अँटिफाउलिंग आहे. त्यात बहुतेक वेळा क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचे संयुग असते. ते पाण्यात अगदी थोडे थोडे झिरपत राहते आणि शेवाळाला व बार्नॅकलसारख्या चिकटणाऱ्या कवचधारी जीवांना बसू देत नाही. ही सारी योजना बोट पाण्यात आहे असे धरून केलेली असते. बोट कोरडी राहिली की कठीण प्रकारच्या अँटिफाउलिंगचा वरचा थर हवेने निष्क्रिय होत जातो. मऊ, झिजणाऱ्या प्रकारचा रंग कोरडा राहूनही पुन्हा काम करतो हे खरे, पण तो झिजण्यासाठीच बनवलेला असल्याने ट्रेलरवरच्या प्रत्येक चढ-उताराला आधारपट्ट्या त्यातला थोडा पुसून नेतात. आपल्यासारखी बोट आठवड्यातून एकदा पाण्यात जाते आणि जास्तीत जास्त पाच दिवस राहते. तिला अँटिफाउलिंगची गरज नाही. तिला हवा आहे जेलकोटचे, म्हणजे फायबरवरच्या सर्वांत बाहेरच्या गुळगुळीत थराचे, पाण्यापासून रक्षण करणारा, घट्ट, घासला जाऊनही टिकणारा दोन घटकांचा इपॉक्सी थर, आणि तेवढा पुरे.

आपल्याकडच्या कोमट पाण्यात शेवाळी चिकटा काही तासांतच तळावर धरतो आणि चार-पाच दिवसांत बार्नॅकलची टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लेही बसू शकतात. तरीही माझे मत तेच राहते, कारण ती पिल्ले बोट वर काढल्याबरोबर, ओली असतानाच, गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि प्लास्टिकच्या ब्रशने निघून जातात. घरी नेऊन दुसऱ्या दिवशी धुऊ म्हटले तर त्यांचे कवच तळाशी सिमेंटसारखे धरते आणि मग खरवडताना रंगाला ओरखडे पडतात. बोट उतरवायच्या उताराजवळ पाण्याची सोय नसेल तर दोन कॅन पाणी आणि हातपंप गाडीत ठेवावा.

जुना निळा रंग मात्र पूर्ण काढावा लागेल. 18 वर्षांत त्यावर कोणी काय चढवले आहे हे आपल्याला ठाऊक नाही. अशा बोटी खरवडताना मला निळ्याखाली लाल, लालखाली काळा आणि त्याखाली आणखी एक निळा असे चार-चार थर सापडले आहेत, आणि त्यांतला एखादा खडूसारखा भुसभुशीत झालेला असतो. सुटण्याची सुरुवात तिथूनच होते. ओल्या स्कॉच-ब्राइटने एक जागा घासून पाहावी. फेसाला निळा रंग आला तर वरचा थर झिजणाऱ्या प्रकारचा आहे. नंतर धारदार सुरीने अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकोनी रेषा ओढाव्यात, त्यांवर चिकटपट्टी घट्ट दाबावी आणि झटक्याने ओढावी. दोन-चार चौकोन जरी पट्टीबरोबर आले तरी त्या थराचा भरवसा धरू नये.

या रंगाची धूळ विषारी आहे. तांब्याचे संयुग तर आहेच, पण जुन्या बोटींवर ट्रायब्युटिल टिन असलेले रंगही असू शकतात. फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात कालवांची पैदास कोलमडली, कवचे वेडीवाकडी वाढू लागली, आणि त्याचे कारण बोटींच्या तळाचा हा रंग ठरला. 1982 मध्ये फ्रान्सने 25 मीटरहून लहान बोटींवर त्याला बंदी घातली आणि पुढे त्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार 17 सप्टेंबर 2008 रोजी अमलात आला. आपल्या बोटीवर तो आहे असे मी म्हणत नाही. इतिहास ठाऊक नसलेला रंग विषारीच समजून वागावे, एवढेच सांगणे आहे. म्हणून कोरडे घासणे पूर्ण वर्ज्य. खाली जाड प्लास्टिक अंथरावे, कडा विटांनी उचलून ठेवाव्यात म्हणजे पाणी वाहून विहिरीकडे किंवा खाडीकडे जाणार नाही, आणि निघालेला गाळ वाळवून पोत्यात बांधून घातक कचरा म्हणूनच द्यावा. तोंडाला रुमाल किंवा साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही. बारीक कणांसाठीच्या फिल्टरचा अर्धमुखी मास्क, बंद चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे हवेत. कामावर माणूस लावला असेल तर त्यालाही हे सारे आपणच द्यावे. मजुराला उघड्या तोंडाने निळ्या धुळीत बसवलेले मी फार वेळा पाहिले आहे आणि ते दृश्य मला आजही अस्वस्थ करते.

काढण्यासाठी कार्बाइड पात्याचा ओढून चालवायचा स्क्रॅपर सर्वांत चांगला. पात्याची दोन्ही टोके आधी कानशीने गोल करावीत, नाहीतर प्रत्येक ओढीला जेलकोटमध्ये चर पडतो. पृष्ठभाग ओला ठेवावा, पाते अंगाकडे लांब, सरळ ओढावे, आणि धार बोथट होताच बदलावी. बोथट पात्यावर जोर दिला की हात घसरतो. ग्राइंडर तळाजवळही आणू नये. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो आणि ग्राइंडरची चकती एका श्वासात तो ओलांडून काचेच्या धाग्यांत शिरते. बाजारातील काही रंगकाढू द्रव जेलकोटही मऊ करतात, त्यामुळे डब्यावर फायबरसाठी असे स्पष्ट लिहिले नसेल तर तो वापरू नये. आपल्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे दहा चौरस मीटर धरले तर एका माणसाला या कामाला चार-पाच दिवस सहज लागतात. संपूर्ण कामाचा निम्म्याहून अधिक वेळ इथेच जातो आणि जावाही.

रंग निघाला की जेलकोट नीट वाचावा. बोटांच्या टोकांनी, तिरक्या उजेडात, हातभर जागा एकेक करून पाहावी. लहान फोड दिसले तर त्यांतला एक डोळ्यांवर चष्मा ठेवून फोडावा, कारण आतला द्रव दाबाखाली असतो आणि उडतो. त्याला शिर्क्यासारखा आंबट वास आला तर पाणी जेलकोटमधून आत झिरपले आहे असे समजावे. असे फोड गोड्या पाण्यात अधिक लवकर येतात, कारण पाणी जितके कमी खारट तितका आत शिरण्याचा दाब जास्त. खडकवासला किंवा पवना धरणावर ठेवलेल्या बोटींच्या मालकांना हे ऐकून आश्चर्य वाटते, कारण तिथे बार्नॅकल नसल्याने तळ सुरक्षित आहे असा समज असतो. पाच-दहा फोड असतील तर ते उघडून, धुऊन, वाळवून इपॉक्सी लांबीने (पुट्टीने) भरता येतात. तळभर पुरळ असेल तर काम निराळे आणि मोठे आहे, आणि ते रंगाऱ्याचे नव्हे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ट्रान्समवर, म्हणजे इंजिन बसते त्या पिछाडीच्या भिंतीवर, ठोकूनही पाहावे. टणक आवाजाऐवजी बोथट, दबका आवाज आला तर आतील प्लायवूड ओले आहे. रंगापूर्वी ते पाहणे भाग आहे.

आता ओलावा. माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक याच बाबतीतली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका गृहस्थांची बोट पावसाळाभर उघड्यावर होती. पाऊस ओसरताच आम्ही ती खरवडली, दोन दिवस उन्हात ठेवली, तळ हाताला कोरडा लागला म्हणून इपॉक्सी चढवले. रंग आरशासारखा बसला. जानेवारीत त्यांनी बोलावले तेव्हा दोन्ही आधारपट्ट्यांच्या जागी हाताच्या तळव्याएवढे तुकडे कार्पेटला चिकटून आले होते आणि त्या तुकड्यांची मागची बाजू दमट होती. कोरडे दिसत होते ते फक्त कातडे. सारे काम मी स्वखर्चाने पुन्हा केले. तेव्हापासून मी प्लास्टिकची चाचणी केल्याशिवाय डबा उघडत नाही. 30 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा तळावर चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवावा आणि 24 तास ठेवावा, तोही सावलीत राहील अशा जागी. आतून धुके किंवा थेंब धरले तर तळ अजून ओला आहे. कण्याजवळ (तळाच्या मधल्या उभ्या कडेजवळ), मध्ये आणि ट्रान्समजवळ अशा तीन ठिकाणी पाहावे आणि दर आठवड्याला पुन्हा पाहावे. या काळात बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, उंच ठेवून तळाचे बूच काढलेले असावे, फरशीची झाकणे उघडी असावीत, वर ताडपत्री असावी पण बाजूंनी वारा खेळता असावा. बोटीच्या पोटात पाणी साठलेले असताना बाहेरून तळ वाळवण्यात काही अर्थ नाही.

म्हणूनच दिवाळीचा आग्रह धरू नये, असे मी सुचवतो. कोकणात पाऊस थांबतो तोच ऑक्टोबर उजाडतो. ऑक्टोबरचे ऊन वाळवण्यासाठी उत्तम असते, तेव्हा तो महिना खरवडणे, धुणे आणि वाळवणे यांना द्यावा आणि रंग नोव्हेंबरात करावा. त्यावेळी दुसरा शत्रू येतो, तो म्हणजे पहाटेचे दव. नियम असा आहे की तळाच्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते त्यापेक्षा, निदान 3 अंशांनी जास्त हवे आणि हवेची आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली हवी. हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर दवबिंदू 26 अंशांच्या जरा वर येतो, म्हणजे चालते. त्याच हवेत आर्द्रता 85 टक्के झाली की दवबिंदू 27 अंश ओलांडतो आणि अंतर 3 अंशांच्या खाली जाते. तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र घेऊन बोटीखाली टांगावे. व्यवहारात सकाळी साडेदहाच्या आधी हात घालू नये आणि दुपारी तीनपर्यंत शेवटचा हात संपवावा, म्हणजे संध्याकाळची दमट हवा येईपर्यंत थर आळतो. ओल्या इपॉक्सीवर दव पडले तर पृष्ठभागावर मेणचट, चिकट साय येते. ती थिनरने पुसू नये. ती कोमट पाण्याने आणि स्कॉच-ब्राइटने धुऊन काढावी, कारण ती पाण्यात विरघळते.

ट्रेलरवरून बोट उचलणे हा आपल्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. पुष्कळ जण आधारपट्ट्यांमधली जागा रंगवतात, बोट हातभर सरकवतात आणि उरलेल्या पट्ट्या रंगवतात. त्यात पट्टीखालची जागा कधीच नीट धुतली-घासली जात नाही, आणि रंग सुटतो तो तिथूनच. बोट पट्ट्यांवरून वर उचलणेच योग्य. ट्रेलर मात्र खालून काढून घेऊ नये. तो तिथे असणे हीच आपली सुरक्षितता आहे.

जमीन पक्की आणि सपाट हवी. पेट्रोलची टाकी रिकामी करावी, सामान उतरवावे. इंजिन काढता आले तर उत्तम, कारण ते दीडशे किलोहून अधिक भरते आणि सारे पिछाडीला लटकलेले असते. इंजिनासकट बोटीचे वजन एक टनाच्या आसपास जाते हे क्षणभरही विसरू नये. प्रथम ट्रेलरचा पुढचा दांडा उंच करावा, कार्पेटवर साबणाचे पाणी सोडावे आणि विंचचा (बोट ओढून धरणाऱ्या चरखीचा) पट्टा न काढता, तो सावकाश सैल करत बोट 30 सेंटिमीटर मागे येऊ द्यावी, म्हणजे ट्रान्सम पट्ट्यांच्या मागे बाहेर येतो. आता ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावावी आणि पुढचा दांडा खाली आणावा. ट्रेलर आसावर तोलला जात असल्याने पिछाडी वर जाते. ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांखाली जाड लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून, वर जुन्या टायरचा तुकडा घालून, ते बोटीला टेकेपर्यंत भरावेत. मग जॅकने दांडा वर घ्यावा. पिछाडी ठोकळ्यांवर राहते, पट्ट्या मागच्या बाजूने खाली सुटतात आणि नाळ वर येते. नाळेपासून साधारण चौथाई लांबीवर, कण्याच्या बरोबर खाली, ट्रेलरच्या आडव्या दांड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत तसाच रुंद बुडाचा ठोकळ्यांचा मनोरा जमिनीवर रचावा आणि दांडा खाली आणावा. बोट आता तीन ठिकाणी उभी आहे आणि ट्रेलर तिच्याखाली सैल आहे. दोन्ही बाजूंना, तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या कडेखाली, आधाराचे खांब लावल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ठोकळे नेहमी कण्याखाली, कडेखाली किंवा ट्रान्समच्या कोपऱ्याखाली असावेत. तळाच्या मधल्या सपाट भागावर भार दिला तर फायबर आत दबते आणि जेलकोटला ताऱ्यासारख्या भेगा पडतात. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या बोटीखाली कोणीही डोके किंवा हात घालू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे.

बोट अशी उभी राहिली की आधारपट्ट्यांचे बोल्ट काढून त्या ट्रेलरपासून सोडवाव्यात. एवढ्याने तळाखाली वीतभर जागा आणखी मिळते आणि रंगाचा रोलर सरळ फिरतो. शिवाय पट्ट्या हातात आल्या की त्यांची अवस्था कळते. आपल्या वर्णनावरून त्यांचे कार्पेट जुने असावे. ते फाडून टाकावे. खारे पाणी धरून ठेवणारे ते भिजके कार्पेट आठवडाभर तळाला चिकटून राहते आणि रंगाला जे पाच दिवसांच्या खाडीने होत नाही ते पाच दिवसांच्या ओल्या कार्पेटने होते. कार्पेटला मारलेल्या साध्या लोखंडी पिना गंजून डोके वर काढतात आणि तळावर लांबच लांब चरे ओढतात. आतले लाकूड कुजले असेल तर बदलावे, आणि कार्पेटऐवजी कठीण, गुळगुळीत पॉलिथिनच्या पट्ट्या खोलवर बसवलेल्या स्टेनलेस स्क्रूंनी लावाव्यात. त्यांवरून बोट फार सहज घसरते, इतकी की उतारावर विंचचा पट्टा आधी सोडला तर ती पाण्यापूर्वीच जमिनीवर येईल. पट्टा आधी सोडायची सवय असेल तर ती मात्र बदलावी लागेल.

रंगापूर्वीच्या तयारीत मीठ आणि मेण ही दोन कामे असतात, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन मीठ काढावे. थराखाली राहिलेले मीठ पाणी खेचून घेते आणि फोड आणते. मग मेण काढणाऱ्या द्रवाने पुसावे, दोन कापडांनी: एकाने लावायचे आणि तो द्रव ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने उचलायचे. एकच कापड फिरवत राहिले तर मेण जागा बदलते, जात नाही. हे घासण्याच्या आधी करावे. आधी घासले तर मेण ओरखड्यांत बसते. त्यानंतर 80 नंबरचा पेपर पाण्याबरोबर वापरून सारा तळ चमक जाईपर्यंत घासावा. शेवटी नळाचे स्वच्छ पाणी तळावर सोडून पाहावे. ते सलग पातळ पडद्यासारखे पसरले तर पृष्ठभाग तयार आहे. कुठे थेंब गोळा होऊन कमळाच्या पानावरच्यासारखे घरंगळले तर तिथे अजून मेण किंवा तेल आहे. ही चाचणी मी गिऱ्हाइकासमोर करतो, कारण शंका राहत नाही.

खड्डे आणि ओरखडे इपॉक्सी लांबीनेच भरावेत. गाडीच्या पत्र्याच्या कामात वापरतात ती पॉलिएस्टर लांबी पाण्याखाली टिकत नाही.

रंगाचा हिशेब सोपा आहे. एक लिटर रंग दहा चौरस मीटरवर पसरला की ओला थर 100 मायक्रॉन होतो. रंगातील घन भाग 50 टक्के असेल तर सुकल्यावर 50 मायक्रॉन उरतात. जेलकोटचे पाण्यापासून खरे रक्षण व्हायला सुमारे 250 मायक्रॉन सुकी जाडी हवी, म्हणजे आपल्या दहा चौरस मीटरला पाच हात आणि पाच लिटर, त्यावर सांडलवंडीचा अर्धा लिटर. रंगारी दोन हात पुरेत म्हणेल. दोन हातांनी रंग चढेल, रक्षण होणार नाही. पांढरा आणि करडा असे दोन रंग आलटून पालटून द्यावेत, म्हणजे कुठे सुटले ते लगेच दिसते. कणा, तळाची कड आणि ट्रेलर टेकतो त्या पट्ट्या यांना सहावा हात द्यावा.

दोन घटक डब्यावर दिलेल्या प्रमाणातच, मापाने, मिसळावेत. लवकर आळावे म्हणून हार्डनर वाढवला तर थर कायम अर्धाकच्चा राहतो. तापमान 10 अंशांनी वाढले की मिसळलेला रंग वापरण्याची मुदत साधारण निम्मी होते, त्यामुळे आपल्या हवेत एका वेळी अर्ध्या लिटरहून अधिक कालवू नये आणि तो खोल डब्यात न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओतावा. खोल डब्यात तो स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखा गरम होऊन दगड बनतो. आखूड केसांचा रोलर वापरावा आणि दोन हातांमधले अंतर डब्यावरच्या मुदतीत राखावे. मुदत उलटली तर पुन्हा 80-120 नंबरने घासल्याशिवाय पुढचा हात देऊ नये. इपॉक्सी कातडीवर लागले तर लगेच साबणाने धुवावे, थिनरने नव्हे. काहींना त्याची कायमची ॲलर्जी जडते आणि मग त्यांना हे काम सोडावे लागते.

ठोकळे टेकलेल्या तीन जागा उघड्या राहतील. बाकीचा तळ सात दिवस पूर्ण आळू द्यावा, मग पट्ट्या बसवून, उचलण्याच्या उलट क्रमाने बोट ट्रेलरवर उतरवावी आणि त्या जागा तशाच पाच हातांनी भराव्यात. रंग सुकलेला असणे आणि आळलेला असणे यांत फरक आहे. दुसऱ्या दिवशी बोट पट्ट्यांवर टेकवली तर पट्टीचा ठसा कायमचा उमटतो.

पाणरेषेच्या वर इपॉक्सी उघडे ठेवू नये. उन्हाने ते पिठाळते. पाणरेषा नेहमीच्या वजनासह बोट पाण्यात असताना आखलेली असावी. इपॉक्सी तिच्यावर तीन सेंटिमीटरपर्यंत न्यावे आणि तिथून वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग द्यावा. तोच पॉलियुरेथेन तळालाही चमकेल म्हणून खाली आणू नये. सलग काही दिवस पाण्याखाली राहिला की त्याला फोड येतात. इंजिनाच्या पायावर आणि झिजण्यासाठी लावलेल्या धातूच्या ॲनोडवर रंगाचा थेंबही पडू देऊ नये. ॲनोड रंगवला की तो काम थांबवतो आणि इंजिनाचे ॲल्युमिनियम त्याच्याऐवजी झिजू लागते.

पुढे कधी बोट महिना-दोन महिने खाडीत ठेवण्याचा विचार झाला तर याच इपॉक्सीवर झिजणाऱ्या प्रकारचे अँटिफाउलिंग देता येईल. त्यासाठी तळ पुन्हा हलका घासावा, मध्ये त्या रंगाचा प्राइमर लागत असेल तर तो द्यावा आणि पट्ट्या घासतात तिथे एक जादा हात द्यावा. तांब्याचा रंग इंजिनाच्या ॲल्युमिनियमला किंवा त्याच्या कंसाला लागता कामा नये, कारण खाऱ्या पाण्यात तांबे ॲल्युमिनियमला वेगाने खाते. ट्रान्समवर इंजिनाभोवती चार-पाच सेंटिमीटरची पट्टी मोकळी सोडावी. आमच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या तळाला चुना आणि माशाचे तेल लावून नारळी पौर्णिमेला त्या समुद्रात ढकलायची रीत होती. त्या होड्या वारंवार वाळूवर ओढल्या जात, वाळत आणि पुन्हा माखल्या जात. ट्रेलरवरच्या बोटीचे आयुष्य त्यांच्याशीच अधिक जुळते, महिनोन्महिने नांगरलेल्या बोटींशी नाही.

पहिल्यांदा पाण्यात उतरवून परत वर काढल्यावर, आठवडाभराने, एक काम अवश्य करावे. दांडा जॅकने वर-खाली करून पिछाडी दोन बोटे उचलावी आणि पट्ट्यांखाली टॉर्च मारून पाहावे. तिथे रंगावर दबल्याची खूण, पांढुरका डाग किंवा ओल दिसली तर बोटीचे वजन पट्ट्यांवर सारखे पसरलेले नाही. त्यावेळी रंगाला हात न लावता पट्ट्यांचे कंस सैल करून त्यांचा कोन तळाच्या कोनाशी जुळवावा, दोन्ही बाजूंना पट्टी आणि तळ यांच्यात कागदाची घडी सरकवून पाहावी आणि ती दोन्हीकडे टोकापासून टोकापर्यंत सारखीच अडकेपर्यंत बोल्ट आवळू नयेत.